घरातल्या फिशरूमसाठी फरशी कोणती घ्यावी?

निळी_शेपटी

नमस्कार मंडळी. एका बेडरूमची फिशरूम, म्हणजे माशांचे टँक ठेवायची खोली, करायची आहे आणि गाडी फरशीपाशी अडली आहे.

तिसरा मजला, आरसीसी फ्रेमची जुनी बिल्डिंग. खोली 10 बाय 10 फूट, खाली मोझॅक लाद्या. एका भिंतीला 4 x 1.5 x 1.5 फुटांचे दोन टँक, समोरच्या भिंतीला तीन मजली लोखंडी रॅक, त्यात 2 फुटी सहा टँक. सगळं गोडं पाणी. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलणार. खोलीला नहाणी ट्रॅप (जमिनीतून पाणी जायची जाळी) नाही, बाथरूम लागून आहे.

डोक्यात चार पर्याय आहेत: आहे त्या मोझॅकवरच व्हिट्रिफाइड टाइल, कोटा, इपॉक्सी कोटिंग, किंवा क्लिकने जोडायच्या पट्ट्यांचं एसपीसी विनाइल. दुकानदार विनाइल 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारतोय. काय घ्यावं आणि का?

कोबा_पक्का

वरच्या थराआधी वजनाचा हिशोब मांडू, कारण फरशीचा निर्णय त्यावरच ठरतो.

4 फुटी टँकमध्ये पाणी साधारण 200 लिटर, 10 मिमी काचेचं वजन 50 किलो, दोन इंच वाळू 40 किलो, स्टँड 30 किलो. म्हणजे एक टँक 320 ते 340 किलो. रॅकवर 60 लिटरचे सहा टँक, काच आणि लोखंड धरून 500 किलो. एकूण सव्वा टनाच्या आत.

राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस 875 भाग 2 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) मध्ये 2 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने 200 किलो, एवढा भार धरलेला असतो. तुमची खोली 9.3 चौरस मीटर, म्हणजे 1,860 किलो. बेरीज बसते, पण हा भार सगळीकडे सारखा पसरलेला धरलेला असतो. तुमच्या रॅकची जागा जेमतेम 0.42 चौरस मीटर आहे, तिथे हाच आकडा चौरस मीटरला 1,200 किलोच्या घरात जातो. म्हणून टँक तुळईच्या अंगाने हवेत, स्लॅबच्या मध्यावर नकोत. जुन्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक भिंतीखाली तुळई असेलच असं नाही, खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताला तुळई कुठे दिसते ते बघून या. खालच्या छताचा गिलावा फुगला असेल किंवा सळई दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

आता फरशी. उतार काढण्यासाठी म्हणून गवंडी दोन इंच कोबा टाकायला सांगेल. 50 मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला 110 ते 120 किलो, पूर्ण खोलीत हजार किलोच्या वर. तुमच्या सगळ्या टँकांइतकं वजन नुसत्या उतारासाठी स्लॅबवर चढवायचं? उलट जुनी मोझॅक आणि तिच्याखालचा मसाला काढला तर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास उतरतात. माझं मत: मोझॅक काढा, पातळ थरात नवीन काम करा.

अनुबियास

कोबा_पक्का यांना अनुमोदन. दगडाबद्दल थोडं.

कोटा, कडप्पा, शहाबादी, तांदूर हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. मार्बलही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिड लागलं की पृष्ठभाग खातो. फिशरूममध्ये ॲसिड कुठून येणार असं वाटतं, पण पीएच उतरवायचं द्रावण बहुधा ॲसिडचंच असतं, पाणवनस्पतींसाठीच्या घरगुती सीओटू किटमध्ये सायट्रिक ॲसिड असतं, आणि टँकच्या काचेवरचे पांढरे डाग काढायला व्हिनेगर वापरतातच. पॉलिश केलेल्या कोट्यावर व्हिनेगरचा थेंब पाच-दहा मिनिटं राहिला की तिथली चमक जाते आणि फिका गोल कायमचा बसतो.

दुसरं, दगड पाणी पितो. रॅकखाली सतत ओल राहिली की आतले क्षार वर येऊन पांढरी पावडर धरते. सीलर मारला तर काही काळ थांबतं, पण तो ठरावीक काळाने पुन्हा मारावा लागतो आणि भरलेल्या रॅकखाली हात कुणाचाच जात नाही. काळ्या कडप्प्यावर बोअरच्या पाण्याचे वाळलेले थेंब लांबून दिसतात.

दगडच हवा असेल तर ग्रॅनाइट. तोही लेदर किंवा फ्लेम फिनिशचा, पॉलिशचा ओला झाला की पाय ठरत नाही.

मी_वसईकर

एसपीसी विनाइलमध्ये नेमकं काय वाईट? तळ दगडाच्या पावडरचा आणि पीव्हीसीचा असतो, पाण्याने फुगत नाही. लॅमिनेटसारखी अडचण नाही ना?

पाणसळ

@ मी_वसईकर, पट्टी फुगत नाही हे खरं. लॅमिनेटचा गाभा एचडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा, तो कडेने पाणी पितो आणि फुगून वर येतो, तसं इथे होत नाही. पण पट्टी वॉटरप्रूफ असली म्हणून जमीन वॉटरप्रूफ होत नाही. क्लिकच्या सांध्यातून आणि भिंतीलगतच्या 8-10 मिमी फटीतून पाणी खाली उतरतं आणि फोमच्या थरात अडकून बसतं. वरून पुसलं की कोरडं दिसतं. खाली कुबट वास, बुरशी, आणि पुढे शेजाऱ्यांच्या छताला डाग.

शिवाय ही फरशी तरंगती असते, तापमानाप्रमाणे थोडी सरकते. तिच्या एका कडेला अर्धा टन आणि समोरच्या कडेला सहाशे-सातशे किलो ठेवले की ती दोन्हीकडून खिळली जाते. मग सांधे उघडतात किंवा मध्ये फुगवटा येतो. वॉरंटीच्या कागदावर जड, कायम ठेवायच्या सामानाबद्दल काय लिहिलंय ते दुकानदाराकडून वाचून घ्या.

काळ्या रबराची मॅट विनाइलवर टाकली तर पिवळट डाग पडतो तो वेगळाच. तो रबरातून उतरलेल्या रसायनाचा असतो, धुऊन जात नाही.

कोबा_पक्का

विनाइल बाद. राहिलं व्हिट्रिफाइड आणि इपॉक्सी.

व्हिट्रिफाइडची पाणी शोषण्याची मर्यादा 0.5 टक्के, ॲसिडचा परिणाम जवळपास नाही, गुजरातेतल्या मोरबीचा माल सगळीकडे मिळतो. टाइलमध्ये दोष फारसा नसतो, दोष बसवण्यात असतो. दोन ठिकाणी काम बिघडतं.

एक, पोकळी. मागे चार कोपऱ्यांना आणि मध्ये मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबायची ही सर्रास पद्धत आहे. गोळ्यांच्या मधली जागा रिकामी राहते. प्रमाणित व्हिट्रिफाइड टाइलची, 7.5 मिमी किंवा जास्त जाडीची, तुटण्याची ताकद किमान 1,300 न्यूटन असते, म्हणजे सुमारे 130 किलो. तुमच्या रॅकचा एक पाय सव्वाशे किलो टाकणार. पाय नेमका पोकळीवर आला तर टाइल तडकायला टँक भरायचाच अवकाश. त्यातून पाणी आत जातं, दिसत मात्र नाही.

उपाय: सिमेंटची स्लरी नको. व्हिट्रिफाइडची पाठ पाणी पीत नसल्याने स्लरी तिला धरत नाही. पॉलिमरवाला टाइल ॲडेसिव्ह घ्या, 10 मिमी दात्यांच्या थापीने जमिनीवर एकाच दिशेने ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. पहिल्या दोन-तीन टाइल लगेच उचलून बघायच्या, पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल नाण्याने किंवा लाकडी मुठीने वाजवा. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण, आणि ती टाइल काढून परत. गवंडी कुरकुरेल, पैसे चुकते करायच्या आधीच वाजवून घ्या.

दोन, दर्जा, म्हणजे टाइलमधले सांधे. सांध्यात पांढरं सिमेंट भरलं की ते पाणी पितं, काळं पडतं, भुगा होतो. 3 मिमी स्पेसर लावा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. हे महाग पडतं, पण फिशरूममध्ये पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

निळी_शेपटी

हे फार कामाचं आहे. माल किती लागेल?

कोबा_पक्का

600 x 600 च्या टाइल: 9.3 ला 0.36 ने भागलं की 26, तूट धरून 29. चारच्या बॉक्सप्रमाणे 8 बॉक्स. उरलेल्या तीन जपून ठेवा, तीच बॅच आणि तीच शेड परत मिळत नाही. स्कर्टिंग त्याच टाइल कापून करणार असाल तर दोन बॉक्स जास्त.

ॲडेसिव्ह 20 किलोच्या तीन गोण्या. इपॉक्सी ग्राउट 3 मिमी रुंद आणि 10 मिमी खोल सांध्यासाठी दीड-पावणेदोन किलो लागतं, स्कर्टिंगसकट अडीच किलो घ्या. टाइलखालचं दोन घटकांचं पॉलिमर वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवून साधारण 25 किलो, नक्की आकडा डब्यावर बघा.

मी_वसईकर

मॅट की ग्लॉसी?

अनुबियास

मॅट. खोलीत पाणी सांडणारच आहे. घसरण्याच्या चाचणीचा आर10 वर्ग विचारा. आर11 ची पकड आणखी चांगली, पण खरखरीत असल्याने शेवाळाचं पाणी त्यात बसतं आणि पोछा अडकतो. ग्लॉसीचा आणखी एक त्रास म्हणजे ट्यूबचं प्रतिबिंब खालच्या टँकच्या काचेवर येतं. रंग मध्यम राखाडी. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येक डाग, पूर्ण काळ्यावर प्रत्येक क्षार. राखाडी कोरडी आणि ओली वेगळी दिसते, त्यामुळे रॅकखालची बारीक गळती लवकर नजरेला येते.

पाणसळ

आता उतार आणि उंबरठा. यावर फार गोंधळ असतो.

बाथरूमसारखा सगळ्या खोलीला उतार देऊ नका. 100 ला 1 हा उतारही 4 फुटांत 12 मिमी होतो. टँकची लांबी उताराच्या दिशेने आली तर एक टोक 12 मिमी खाली. पाण्याची रेघ तिरकी दिसते हे सोडा, सिलिकॉनच्या सांध्यांवर एका बाजूने जास्त ताण येतो. 4 फुटी टँकला टोकापासून टोकापर्यंत 2-3 मिमीच्या वर फरक नको. टँकखालचा थर्माकोल किंवा फोम वाळूचा कण, बारीक उंचवटा जिरवतो, तिरकेपणा जिरवत नाही. पाचर घालायची ती स्टँडच्या पायाखाली, काचेखाली कधीच नाही.

नहाणी ट्रॅप नाही आणि स्लॅब फोडून तो करायचाही नाही. म्हणून जमीन पूर्ण पाणसळीत ठेवा आणि दाराला 25 मिमी उंच ग्रॅनाइटची पट्टी बसवा. 9.3 चौरस मीटरवर 25 मिमी म्हणजे 230 लिटर. तुमचा एक 4 फुटी टँक पूर्ण रिकामा झाला तरी पाणी हॉलमध्ये जाणार नाही, खोलीतच उभं राहील. मग बाथरूमकडे व्हायपरने किंवा छोट्या पंपाने काढा. टँक फुटणं क्वचित घडतं, भरायला लावलेला पाइप चालू राहून गेला हे मात्र घरोघरी घडतं.

पण हा उंबरठा फक्त तेव्हाच उपयोगी जेव्हा जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा बंद असेल. तिथे वॉटरप्रूफिंगच्या आधी 1:3 (सिमेंट:वाळू) मसाल्याचा दोन इंची वाटा मारा, गोलाई देऊन. सरळ काटकोनात कोटिंग ताणलं जातं आणि नेमकं तिथेच चिरतं. पहिला हात आडवा, दुसरा उभा, दुसरा ओला असतानाच वर कोरडी वाळू भुरभुरा म्हणजे ॲडेसिव्ह धरेल. पूर्ण सुकल्यावर इंचभर पाणी भरून 48 तास ठेवा, आणि खालच्यांचं छत बघा. टाइल त्यानंतर.

पंप आणि हीटरचे सॉकेट जमिनीपासून 4 फुटांवर, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन, सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). जमिनीत पाणी साठवायची सोय करताय, तेव्हा हे टाळून चालणार नाही.

परसातलं_तळं

इपॉक्सीची बाजूही यावी. सांधाच नाही हा तिचा मोठा गुण. 2 मिमी सेल्फ लेव्हलिंग, भिंतीवर सहा इंच गोलाईने चढवलं की सगळी खोली एकसंध होते.

अटी कडक आहेत. खालचा कोबा निदान 28 दिवस मुरलेला आणि कोरडा हवा. दीड फूट चौरस प्लॅस्टिक जमिनीला चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव धरलं किंवा कोबा गडद दिसला तर इपॉक्सी लावू नका, खालच्या ओलीने ती फोडासारखी सुटते. ग्राइंडिंग करून वरची कच्ची साय काढावी लागते, मग प्रायमर. मोझॅकवर थेट लावली तर मेणपॉलिशमुळे पापुद्रे निघतात.

आणि मासे त्या काळात घरात नकोत. निदान त्या खोलीत तर नकोतच. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यासोबत वाफाही. पूर्ण पक्की व्हायला सात दिवस धरा.

तिसऱ्या मजल्यावर, मोझॅक काढून, नवा कोबा मुरवून इपॉक्सी करण्यापेक्षा टाइलच सोपी. तळमजल्याला किंवा गॅरेजला इपॉक्सी उत्तम.

वऱ्हाडी_मळा

तळमजल्याचं निघालं म्हणून. स्लॅबच्या भाराची चिंता नाही, पण भरावाची आहे. आमच्याकडे काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फरशीखाली तीच माती भरली असेल तर टँक वर्षभरात एका बाजूला कलतो. काळी माती शक्य तेवढी खोल काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून ठोकायचा, वर 4 इंच 1:4:8 (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट, मग फरशी. टँकखालच्या पट्ट्यात 8 मिमी सळईची जाळी घालून काँक्रीट थोडं जाड केलं की कोपरा खचत नाही. ओल वर येऊ नये म्हणून काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिक, 250 मायक्रॉनचं. कोकणात जांभ्याच्या जोत्यावरही हेच प्लॅस्टिक लागतं, तिथे खालून ओल जास्त.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथल्या वरच्या मजल्यांना लाकडी जॉइस्ट (फरशीखालच्या आडव्या तुळया) आणि प्लायवूड असतं, वरचा बराच सल्ला इथे तसाच लागू होत नाही. राहत्या खोल्यांसाठी चौरस फुटाला 40 पौंड, झोपायच्या खोल्यांसाठी 30 पौंड भार धरतात. टँकची लांबी जॉइस्टला आडवी ठेवायची, म्हणजे वजन तीन-चार जॉइस्टवर वाटलं जातं. समांतर ठेवला तर एकट्या-दुकट्यावर येतं. प्लायवूडवर थेट टाइल नको, लाकूड लवचिक असल्याने दर्जा चिरतात. मध्ये सिमेंट बोर्ड किंवा अनकपलिंग मेंब्रेन (लाकडाची हालचाल टाइलपर्यंत जाऊ न देणारा थर) लागतं. फिशरूम बेसमेंटच्या काँक्रीटवर करणं सगळ्यांत बरं.

खारेपाट

पुढे कधी समुद्री टँक करायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो. खाऱ्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ. थेंब वाळला की मीठ राहतं, ते दमट हवेत ओल धरतं आणि कडेकडेने सरकत जातं. सच्छिद्र दगडात आणि सिमेंटच्या दर्जांत शिरून स्फटिक वाढले की आतून पापुद्रे उडवतात. लोखंडी स्टँडच्या पायाचा गंज टाइलवर लाल कडं करतो. पाय बंद टोपीचे, पावडर कोटिंगचे घ्या.

गोड्या पाण्यालाही पायाचा मुद्दा लागू आहे. 40 मिमी चौकोनी पाइप खालून उघडा असेल तर 2 मिमी जाड कडेचं क्षेत्रफळ 3 चौरस सेंमी, त्यावर 125 किलो. म्हणजे चौरस सेंमीला 40 किलोच्या वर. खाली 100 x 100 x 6 मिमी पत्रा वेल्ड केला की तेच वजन सव्वा किलोवर येतं. पत्र्याखाली 5 मिमी एचडीपीई प्लॅस्टिकचा तुकडा, रबर नको.

अनुबियास

डागांचं राहिलं. माशांच्या औषधासाठी वापरतात ते पोटॅशियम परमँगनेट सांडलं की तपकिरी डाग. व्हिट्रिफाइडवर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर समप्रमाणात लावलं की निघतो, कोटा-मार्बलवर व्हिनेगर चालणार नाही. मिथिलिन ब्लू (माशांचं निळं औषध) सिमेंटच्या दर्जांत गेलं की निघतच नाही, इपॉक्सी ग्राउटवरून लगेच पुसलं तर जातं.

फिनाइलचा पोछा या खोलीत बंद. साधं पाणी पुरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बांधकामात वाळवीचं औषध मारून घेताय का? जमिनीत भोकं पाडून सोडतात त्यात बायफेन्थ्रिनसारखी पायरेथ्रॉइड असतात, माशांना ती अत्यल्प प्रमाणातही मारक. मारायचं असेल तर टाइल लागण्याआधी, मासे घरात येण्याआधी, आणि फवारणीवाल्याची बादली-मग पुन्हा टँकच्या कामाला वापरायचा नाही.

निळी_शेपटी

ठरलं: मोझॅक काढणार, वाटा, वॉटरप्रूफिंग, राखाडी मॅट व्हिट्रिफाइड, इपॉक्सी ग्राउट, ग्रॅनाइटचा उंबरठा. तुळई टँकच्या भिंतीखाली आहे, रॅकच्या भिंतीखाली नाही, म्हणून रॅक शेजारच्या भिंतीला घेतोय, तिथे आहे. ग्राउट भरताना काय सांभाळायचं आणि टँक कधी भरायचे?

कोबा_पक्का

टाइल बसल्यावर 24 तास पाय नाही. सांधे ॲडेसिव्ह ओलं असतानाच खरवडून मोकळे करून घ्या, नंतर ते दगड होतं. इपॉक्सी ग्राउटचे तिन्ही घटक पाकिटातल्या प्रमाणातच मिसळा, अर्धं पाकीट अंदाजाने करू नका, कडक होत नाही. उन्हाळ्यात मिसळलेला माल पाऊण तासात घट्ट होतो, म्हणून एका वेळी दोन-तीन चौरस मीटरच घ्या आणि मॅट टाइलवरून 20 मिनिटांच्या आत ओल्या स्पंजने पुसा. वाळलेली इपॉक्सीची साय मॅटवरून निघता निघत नाही. शेवटी ॲसिडने धुवायला गवंडी बाटली काढेल, त्याला थांबवा.

भरायला सात दिवस थांबा. आधी स्टँड ठेवून पाणसळ दोन्ही दिशांनी, मग रिकामा टँक ठेवून पुन्हा. पहिल्या दिवशी एक तृतीयांश पाणी, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. प्रत्येक वेळी टँकच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या रेघेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. फरक 3 मिमीच्या वर गेला तर पाणी काढा, पायाखाली पाचर द्या, परत भरा. रॅक भरताना खालच्या मजल्यापासून वर जा. दोन्ही बाजूंचे टँक बरोबरीने भरा, एक बाजू आधी नको.